पाण्यावरचा तुकडा

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर अगदी टोकाला एक खोली होती आणि त्या खोलीत बावीस वर्षं एक बाई मेणाचे ठोकळे कापत होती. ठोकळ्यांत माणसांचे तुकडे असत. कुणाच्या पोटातला, कुणाच्या मानेतला, कुणाच्या छातीतल्या गाठीतून सुईने ओढून काढलेला, दोऱ्याएवढा. ठोकळा यंत्राला लावून चाक फिरवलं की पात्यावरून पापुद्र्यांची फीत निघे. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले तीन, एवढीच तिची जाडी. ती फीत कोमट पाण्याच्या पसरट भांड्यात सोडायची, पाण्यावर तिच्या सुरकुत्या निघाल्या की खालून काच घालून अलगद उचलायची. मग रंग चढवून ती काच वरच्या मजल्यावर डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली जाई आणि त्या माणसाचं काय ते तिथे ठरे.

तीनचे चार मायक्रॉन झालेले या बाईला खपत नसे. म्हणून सगळं हॉस्पिटल तिला मायक्रॉनताई म्हणे. तिचा नवरा बसड्रायव्हर. घरी ती पाव कापायला बसली की तो म्हणे, "मायक्रॉनबाई, माझ्या तुकड्यातून पलीकडचं दिसायला लागलंय. जरा जाड येऊ द्या."

एका शुक्रवारी दुपारी तिच्या फोनवर चर्चच्या पाळकांचा निरोप आला, मंडळीतल्या सगळ्यांना एकदमच धाडलेला. ऑर्गनमावशींचा दुसरा रिपोर्ट चांगला आला आहे, गाठीत आजाराचा मागमूस नाही, बारा दिवसांच्या प्रार्थनेला देवाने उत्तर दिलं, रविवारच्या उपासनेत मावशी स्वतः साक्ष देतील, सगळ्यांनी वेळेवर यावं.

साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांसमोर उभं राहून सांगणं. ऑर्गनमावशींनी ती आजवर कधीच दिली नव्हती. तीस वर्षं त्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होत्या आणि "मला जे बोलायचं ते मी बोटांनी बोलते" असं म्हणून सुटत होत्या. बारा दिवसांपूर्वी त्यांच्या छातीतल्या गाठीचा पहिला रिपोर्ट आला होता, कॅन्सर. तेव्हापासून सगळी मंडळी पाळी लावून प्रार्थना करत होती. सकाळी सहाची पाळी मायक्रॉनताईची होती.

निरोप वाचून तिने हात जोडले आणि आभार मानले. मग ती खुर्चीत बसली आणि बसल्या बसल्या तिचं डोकं चालू झालं. बारा दिवसांत कॅन्सर जातो? देवाला अशक्य काही नाही हे ती लहानपणापासून मानत आली होती. पण देवाने केलं असेल ते त्याच्या बाजूचं. मेण आणि काच ही तिची बाजू. आपली बाजू तपासून बघायला त्याची हरकत नसावी, असं स्वतःशी म्हणत ती काचांच्या कपाटाशी गेली.

मावशींची पहिली काच तिनेच केली होती. क्रमांक तीनशे एकोणीस. तिने ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. दोऱ्यासारखा लांबट नमुना, गुलाबी आणि निळा, सगळ्या पेशी शहाण्यासारख्या आपापल्या जागी. आणि त्याच्या टोकाशी, जरासा सुटा, एक बारीक तुकडा. त्यात मात्र पेशींची नुसती झुंबड उडालेली. पहिल्या रिपोर्टमधला कॅन्सर तो हाच.

तिने सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू केसभर फिरवला. तुकडा स्पष्ट झाला, पण नमुना धूसर झाला. उलटा फिरवला, तर नमुना स्पष्ट आणि तुकडा धूसर. म्हणजे दोघं एका पातळीत नव्हते. तुकडा वर येऊन बसला होता.

तिने त्याआधीची काच काढली, तीनशे अठरा. तीही एका बाईच्या छातीतल्या गाठीची होती. तीच झुंबड, तसाच आकार, तीच घडण. मग तिने मावशींचा ठोकळा पुन्हा यंत्राला लावला आणि आत आत जात बारा पापुद्रे काढले. एकातही काही नव्हतं.

एक ठोकळा कापून झाला की पाण्यावरून टिपकागदाची पट्टी ओढायची, आधीच्या माणसाचा एखादा कण तरंगत राहिला असेल तर तो उचलला जावा म्हणून. बावीस वर्षांत हे तिने किती हजार वेळा केलं असेल. पण तीनशे अठरा आणि तीनशे एकोणीसच्या मध्ये तिचा फोन वाजला होता. नवऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि तो न्हाणीघरात बादली आणि दार यांच्यामध्ये अडकला होता.

"पडलात का?" तिने विचारलं होतं.

"पडलो नाही, बसलोय. फक्त उठता येत नाही."

फोन कान आणि खांदा यांच्यात धरून, शेजाऱ्यांना कसं हाकारायचं ते त्याला सांगत सांगत तिने पुढचा ठोकळा लावला होता. पट्टी ओढायची राहून गेली होती.

मन मोठं लबाड असतं. ते लगेच म्हणालं, कुणाला कळणार आहे? मावशींना काही झालेलं नाही, त्या खूश. मंडळी खूश. देवाचा गौरव होतोय. तुझी नोकरी शाबूत. यात वाईट कुणाचं झालं? ती उठली आणि शेजारच्या कोठीत गेली. तिथे जुने ठोकळे डब्यांत रचून ठेवलेले असत. दार लोटून ती उभ्यानेच प्रार्थना करायला लागली. रोज तिची प्रार्थना आभारापासून सुरू व्हायची, आज ती गाडी हलेना. देवाचा गौरव होतोय हे खरंच, पण खोट्या काचेवर. दुसऱ्याच्या नमुन्यावर त्याचं नाव चिकटवल्यासारखं. हे ती त्याला सांगणार तरी कसं? शेवटी तिच्या तोंडून एवढंच निघालं, "प्रभू, मला भीती वाटते आहे."

उत्तर काही आलं नाही. ती बाहेर आली, चुकांची वही काढली आणि तारीख, वेळ, दोन्ही क्रमांक आणि काय राहून गेलं ते तिच्या नेहमीच्या बारीक अक्षरात लिहिलं. खाली सही केली.

शनिवारी सकाळी डॉक्टर आले. चहाचा पहिला घोट घेईपर्यंत कुणी आपल्याशी बोलू नये असा त्यांचा दंडक होता. ती घोटाच्या आधीच बोलली.

"डॉक्टर, तीनशे एकोणीस माझ्या हातून बिघडली."

त्यांनी कप खाली ठेवला. दोन्ही काचा त्यांनी बराच वेळ पाहिल्या, स्क्रू इकडे, स्क्रू तिकडे.

"वर बसलाय," ते म्हणाले.

"हो."

"हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं."

"त्या दिवशी तुमच्यापुढे साठ काचा होत्या."

"एकसष्ट. पण काचा जास्त होत्या म्हणून एका बाईला कॅन्सर देऊन टाकायचा का?" त्यांनी चष्मा काढला. "हात तुमचा चुकला, डोळा माझा चुकला. दुसरा नमुना चांगला आला तरी पहिला रिपोर्ट तसाच राहिला असता, तर सर्जन गप्प बसले नसते. धडधाकट जागेवर सुरी चालली असती. वेळेवर बोललात."

"वर कळवावं लागेल."

"लागेलच. अधीक्षक मंगळवारी हे प्रकरण घेतील. त्यांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. कापायचं काम काढून घेतील, किंवा त्याहून पुढे जातील. मी माझी चूक लिहून देतो. पण तुम्हाला शब्द काही देता येत नाही मला."

"चालेल. मावशींना मात्र मी सांगते."

"ते माझं काम आहे, ताई."

"रिपोर्ट तुम्हीच द्या, त्यांना फोनही तुम्हीच करा. पण आधी मी जाते. उद्या त्या चर्चमध्ये उभं राहून चमत्कार झाला म्हणून सांगणार आहेत."

डॉक्टर कुठल्याच चर्चमध्ये जात नसत. त्यांनी थोडा विचार केला. "म्हणजे चमत्कार रद्द. तुमच्या देवाला कळवलंत का?"

"त्याला आधीपासून माहीत होतं. म्हणून तर कालपासून मला चैन पडू देत नाहीये."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी आपला चहा तिच्याकडे सरकवला. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मावशी तिसऱ्या मजल्यावर राहत. दार उघडंच होतं. टेबलाशी बसून त्या एक कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचत होत्या. शेजारी उद्यासाठी इस्त्री केलेला निळा पोशाख टांगलेला.

"ये गं, बरी आलीस. यात 'चमत्कार' किती वेळा आलाय तेवढं मोज बरं. मला वाटतं जरा जास्तच झालाय."

मायक्रॉनताई बसली नाही. वहीत लिहिलं होतं तसंच तिने सांगितलं, चार वाक्यांत, उभ्याने. पाचवं वाक्य "मला क्षमा करा" हे होतं.

मावशींनी कागद टेबलावर पालथा ठेवला.

"म्हणजे मला कॅन्सर नव्हताच?"

"नव्हता."

"कधीच?"

"कधीच नव्हता, मावशी."

"आणि ते बारा दिवस?"

"माझी चूक."

मावशी उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. "तुला कल्पना आहे का मी त्या बारा दिवसांत काय काय करून बसले? कपाटं आवरली. सुनेला बांगड्या दिल्या, आता त्या काही परत येत नाहीत. आणि जावेला माफ केलं. एकोणीस वर्षं तिचं तोंड पाहिलं नव्हतं मी. मरायला टेकले म्हणून फोन केला. मी रडले, ती रडली. परवा येऊन दिवसभर बसली आणि माझ्या स्वयंपाकघरातले सगळे डबे तिच्या पद्धतीने लावून गेली. मला साखर सापडत नाहीये. आता काय फोन करून सांगू, रिपोर्ट चुकला होता, माफी परत पाठव?"

मायक्रॉनताईने ओठ घट्ट मिटले.

"हसू नकोस."

"नाही हसत."

"हसते आहेस." मावशींचाच ओठ हलला, मग खांदे हलले, आणि हसता हसता त्या खुर्चीत बसल्या आणि रडायला लागल्या. जगणार आहोत हे त्यांना आत्ता, या घटकेला कळलं होतं. कालपर्यंत नुसती बातमी होती. दुसरा रिपोर्ट आल्यावरही कुठेतरी आत धाकधूक होतीच, पुन्हा उलटला तर, म्हणून. आता उलटायला काही उरलंच नव्हतं.

डोळे पुसून त्या म्हणाल्या, "मी तुझ्यावर रागावले आहे. हे आधी ऐकून घे. खूप रागावले आहे, आणि थोडे दिवस रागावणार आहे."

"हो, मावशी."

"आता बस."

ती बसली.

"पहिले तीन दिवस माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. रात्रंदिवस एकच धोशा, काढून टाक, प्रभू, हे काढून टाक. चौथ्या दिवशी दुपारी चर्चमध्ये गेले. कुणी नव्हतं. ऑर्गनपुढे बसले, पण बोटं उठेनात. नुसती पट्ट्यांवर ठेवून बसले. मागायचंही त्राण नव्हतं गं. म्हटलं, बरं करायचं नसेल तर नको करूस, पण इथून हलू नकोस. एवढंच." त्यांनी बोटं टेबलाच्या कडेवर ठेवली. "भीती गेली नाही. पण माझ्या छातीवर बसली होती ती उठून बाजूला बसली. आमच्या दोघींच्या मध्ये कुणीतरी बसलं होतं. त्या दिवसापासून मी जेवले, झोपले. जावेला फोन केला तोही त्यानंतरच."

मायक्रॉनताईने खुर्ची जरा पुढे ओढली.

"तुझी चूक असेल. पण माझी भीती तर खोटी नव्हती ना? मग तो जवळ बसला होता तेही खोटं नव्हतं. ते काही तुझ्या पाण्यावरून तरंगत आलेलं नाही." त्यांनी पालथा कागद उचलला आणि मधोमध फाडला. "हे मात्र गेलं. सुटले. किती वाईट लिहिलं होतं मी."

बरं वाटणं ही गोष्ट अशी अंगातून चालत येते हे मायक्रॉनताईला पहिल्यांदा कळलं. आधी मान सैल झाली, मग पाठ, मग हात. उद्या सगळ्यांना कळणार होतं, मंगळवारी अधीक्षक काय करतील याचा भरवसा नव्हता, आणि तरी ती त्या खुर्चीत आठवड्यांचा शीण उतरल्यासारखी बसली होती.

"आणि तो तुकडा कुणाचा होता?" मावशींनी अचानक विचारलं.

"नाव सांगता येत नाही."

"नाव कुणाला हवंय? बाईच आहे ना?"

"हो. उपचार सुरू झालेत तिचे."

"म्हणजे तिचा खरा आहे."

"खरा आहे."

"तिच्यासाठी आहे का कुणी, असं पाळी लावून बसणारं?"

"माहीत नाही, मावशी. मला फक्त तिचा क्रमांक माहीत आहे."

मावशींनी फाटलेल्या कागदाचे तुकडे एकावर एक ठेवले. मग म्हणाल्या, "आता जा. उद्या काय बोलायचं ते मला सुचायला लागलंय, मध्ये बडबडू नकोस."

रविवारी चर्च भरलं होतं. नवरा कुबड्या घेऊन आला, दोन माणसांची जागा अडवून तिच्याशेजारी बसला. शनिवारी संध्याकाळी तिने त्याला सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "म्हणजे मूळ गुन्हेगार ती बादली." आणि मग, "उद्या मी येतो बरोबर."

पाळकांना मावशींनी उपासनेआधी सांगितलं असावं, कारण साक्षीची घोषणा करताना त्यांनी 'चमत्कार' शब्दाच्या अलीकडे गाडी थांबवली. मावशी ऑर्गनपासून उठल्या आणि कागदाशिवाय पुढे उभ्या राहिल्या.

"मला कॅन्सर नव्हता," त्या म्हणाल्या. "बरा झाला असं नाही. नव्हताच. तपासणीत चूक झाली होती. तेव्हा ज्यांनी ज्यांनी दूरच्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं असेल, त्यांनी पुन्हा फोन करा."

कुजबुज झाली. पुढच्या बाकावरच्या एका काकांचा चेहराच उतरला. मावशी जगल्या याचं त्यांना वाईट नव्हतं वाटलं, पण चमत्कार हातातोंडाशी येऊन निसटला होता.

"ज्या माणसाची चूक, त्याने तीन जिने चढून घरी येऊन मला सांगितलं. सांगितलं नसतं तर मला कधी कळलं नसतं, तुम्हालाही नाही. मी खूप रागावले. चहासुद्धा विचारला नाही."

मायक्रॉनताई उठायचं ठरवून आलेली नव्हती. पण ती उठली. "ती मी," एवढंच म्हणाली. माना वळल्या. नवऱ्याने बसल्या जागी तिच्या हाताचं मनगट धरून ठेवलं, ओढलं नाही.

"बस गं," मावशी म्हणाल्या, "मला तीस वर्षांत एकदा बोलायला मिळालंय."

कुणीतरी हसलं, मग आणखी कुणी. ती बसली. मागच्या बाकावरून एक हात आला आणि तिच्या खांद्यावर क्षणभर टेकून गेला. कुणाचा ते तिने वळून पाहिलं नाही.

मावशींनी मग ती चौथ्या दिवसाची दुपार सांगितली. कमी शब्दांत, जरा ओशाळून, आपल्या खाजगी गोष्टी बोलायची सवय नसलेलं माणूस सांगतं तशी. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता एक काम आहे. माझ्या काचेवर सापडलेला तो आजार दुसऱ्या एका बाईचा आहे. तिला तो खरोखर आहे. बारा दिवस तुम्ही सगळे माझ्या नावाने उठलात, बसलात, उपास केलात. त्याचा मला उपयोग झाला, तो मी सांगितला. आता ती पाळी मोडू नका. तिचं नाव आपल्याला माहीत नाही. देवाला पत्ता विचारावा लागत नाही."

पाळक पुढे आले आणि त्यांनी नुसते हात जोडले. डोकी खाली गेली. आधी थोडी खोकलाखोकली, एका बाळाची कुरकूर, मग तीही थांबली. मायक्रॉनताईने डोळे मिटले. त्या एवढ्या माणसांत तिला एकटीलाच तो क्रमांक माहीत होता. तिने तो मनात उच्चारला, अगदी नीट, एकेक आकडा सुटा, आणि म्हणाली, हिच्याजवळ बस.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. नवरा कुबड्या सावरत तिच्या कानाशी वाकला.

"मंगळवारी कामावरून काढलं तर?"

"तर बुधवारी बघू."

"भीती नाही वाटत?"

तिने खरंच आत बघितलं. "वाटते. बाजूला बसली आहे."

"माझी जागा गेली म्हणजे," तो म्हणाला, आणि तिच्याकडे सरकायला प्लास्टरचा पाय उचलून दोन बोटं अलीकडे घेतला.